डाव्या डोळ्याचा रकाना

टिल्लू एक्कावन्न वर्षांचा होता, सहा फूट उंच होता, आणि कणांना पळवून त्यांची टक्कर घडवणाऱ्या एका प्रयोगशाळेत गेली चोवीस वर्षं नोकरीला होता. तरीही तो टिल्लूच होता, कारण त्याच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, तो पाळण्यात असताना हे नाव ठेवलं होतं, आणि अक्काने ठेवलेलं नाव बदलायची कुणाची टाप नव्हती.

त्या रविवारी अक्काने त्याच्यापुढे चहाच्या आधी एक गुळगुळीत चारपानी पत्रक आपटलं.

"हा तूच ना?"

पत्रकावर नळ्या आणि तारांनी मढलेल्या एका अवाढव्य यंत्राचा फोटो होता आणि यंत्रासमोर पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. मान, कान, एका बाजूला झुकून उभं राहायची ढब, सगळं टिल्लूचं. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळा एक दिवस लोकांना बघायला खुली ठेवली होती, तेव्हा कुणीतरी टिपलेला. त्याच्या टाळक्यावर लाल अक्षरांत छापलं होतं: 'शास्त्रज्ञ जे किरण जमिनीखाली कोंडून ठेवतात, तेच तुमच्या झोपायच्या खोलीत!'

टिल्लूचं पित्त खवळलं. माणसाने आयुष्यभर इमानेइतबारे काम करावं आणि शेवटी त्याच्या मानेचा उपयोग असल्या गोष्टी विकायला व्हावा, याहून मोठा अपमान त्याला सुचेना.

"कुणी दिलं हे?"

"त्या किरणांपासून बचावाचे उपाय सांगणाऱ्या सल्लागारांनी. कोट रफू करायला आले होते. भला माणूस आहे. त्यांनी वर येऊन बघितलं, राउटर दिसल्याबरोबर कपाळाला हात लावला."

इथे अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का रफूचं काम करायची, आणि ते असं करायची की भोक कुठे होतं ते कोटाच्या मालकालाच शोधून सापडू नये. सिगारेटने जळलेली बाही असो, कसरीने खाल्लेली कॉलर असो, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उसवून काढायची आणि तो भोकावर असा विणायची की कापडालाही आपण फाटलो होतो हे आठवू नये. एकोणचाळीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. खाली दुकान, वर घर, आणि या दोन्ही मजल्यांचा भार तिच्या दोन डोळ्यांवर. चष्मा नाही, भिंग नाही. डोळे गेले तर अक्काकडे उरणार होता फक्त तिचा स्वभाव, आणि त्याच्यावर कुणी गिऱ्हाईक येत नसतं.

गेल्या काही महिन्यांपासून अक्काचं डोकं दुखत होतं. रोज नाही, पण संध्याकाळी, दुकान बंद करून वर गेल्यावर. डाव्या भुवईच्या वर कळ, पोटात ढवळणं, आणि दिव्याभोवती रंगीत कडी. दिवसभर खाली दुकानात काही नाही. वर गेलं की सुरू. वर काय होतं? राउटर होता. तो टिल्लूनेच बसवून दिला होता, भाचरांशी बोलताना तोंडं दिसावीत म्हणून. आता खटला कुणावर चालणार हे सांगायला नको.

सल्लागाराने अक्काला तांब्याच्या तारांची जाळी असलेली एक मच्छरदाणीसारखी वस्तू विकली होती, जाड काळे पडदे विकले होते, आणि संध्याकाळी दिवे शक्यतो लावू नका, त्यांतूनही लहरी निघतात, असं बजावलं होतं. अक्का आता तिन्हीसांजेला जाळीत शिरून अंधारात बसायची.

"आणि झोप लागली की सकाळी डोकं साफ," ती म्हणाली. "जाळीचा गुण आला की नाही?"

"अक्का, नीट ऐक." टिल्लूने पत्रक उलटं केलं आणि कोऱ्या जागेवर पेनाने एक गोल काढला. हे त्याचं पहिलं भाषण. "आमच्याकडे या गोल बोगद्यात कण पळवतात. समोरासमोर आणून आपटतात. एकेका टकरीत जो जोर असतो, तो मोजायला आम्हाला आकड्यापुढे नऊ-नऊ शून्यं लावावी लागतात. त्यातून जे निघतं ते खरंच वाईट, म्हणून तर ते जमिनीखाली आणि काँक्रीटच्या आड. बरोबर?"

"तेच तर लिहिलंय."

"थांब! तुझा राउटर काही आपटत नाही. तो रेडिओसारख्या लहरी सोडतो. त्या लहरीचा एक कण घेतला, तर शरीरातला एक साधा बंध तोडायला लागतो त्याच्या लाखाव्या भागाएवढाही त्यात जोर नसतो. टकरीचा आणि राउटरचा काही म्हणजे काही संबंध नाही. या साध्या दिव्याच्या उजेडातला एक कण घे, तो राउटरच्या कणाहून दोन लाख पट दांडगा आहे."

अक्काने दिव्याकडे संशयाने पाहिलं आणि उठून तो बंद केला.

टिल्लूने हात टेकले.

"पण मला कडी दिसतात," अंधारातून अक्का म्हणाली. "राउटरच्या त्या हिरव्या ठिपक्याभोवतीसुद्धा. दिव्याला तर आत निळं, बाहेर लाल."

"विद्युतचुंबकीय क्षेत्र डोळ्यांना दिसत नसतं, अक्का."

"मला दिसतं."

"दिसू शकत नाही."

पुढच्या रविवारी तो प्रयोगशाळेतून क्षेत्र मोजायचं यंत्र घेऊन आला. घराचा कोपरा न् कोपरा मोजला. उशाशी, ओट्याशी, राउटरच्या अगदी नाकाशी. कुठेही आकडा मर्यादेच्या हजाराव्या भागापलीकडे जाईना. त्याने प्रत्येक आकडा अक्काला दाखवला, आणि अक्काने प्रत्येक आकड्याकडे, गिऱ्हाइकाने कोटाची खोटी किंमत सांगितल्यावर त्याच्याकडे बघावं तसं पाहिलं.

"तुझ्या यंत्राला नाही कळत, माझ्या डोक्याला कळतं," ती म्हणाली. "आणि हे बघ, आत्ता लावलास ना दिवा? कडं आहे. डाव्या डोळ्याने बघितलं तर जास्त."

"अक्का! क्षेत्राला डावा-उजवा कळत नाही!"

"मग मी खोटं बोलतेय?"

"खोटं नाही. तुझी समजूत झालीय."

समजूत हा शब्द अक्काला लागला. तिने त्या दिवशी त्याला जेवायला थांब म्हटलं नाही. टिल्लू घरी जाताना वाटभर स्वतःशी बडबडत होता. एवढं शिकून, चोवीस वर्षं कणांच्या मागे धावून, सख्ख्या बहिणीला एक साधी गोष्ट पटवता येऊ नये! तो जो काळे पडदे विकणारा, ज्याला प्रोटॉन खायचा की प्यायचा ते ठाऊक नाही, त्याचं तिला लगेच पटतं, कारण तो कपाळाला हात लावतो.

मग टिल्लूला ती कल्पना सुचली. हुशार माणसाला राग आला की असल्या कल्पना सुचतात.

"आपण प्रयोग करू," तो म्हणाला. "तू मांडशील तसा. तूच निकाल दे."

राउटर कपाटात ठेवायचा, कपाटाला कुलूप, किल्ली टिल्लूकडे. रोज संध्याकाळी कामावरून येताना टिल्लू नाणं उडवणार. छापा आला तर राउटर चालू, काटा आला तर बंद. अक्काने विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही. अक्काने फक्त वहीत लिहायचं, डोकं दुखलं की नाही. बारा दिवसांनी दोन्ही याद्या समोरासमोर ठेवायच्या.

अक्काला हे पटलं. कामात ती चोख होती आणि चोखपणाचा तिला मान होता. तिने शाळेतल्यासारखी पट्टीने रेघा मारून वही आखली. तारीख, वेळ, डोकं. मग थोडा विचार करून तिने आपल्या मनाने आणखी दोन रकाने वाढवले. एक 'कडी, कुठला डोळा', आणि दुसरा 'इतर'.

"हे कशाला?" टिल्लू म्हणाला.

"असू दे."

"प्रयोगात लागत नाही ते."

"जागा आहे ना वहीत? मग असू दे."

बारा दिवस टिल्लूने वाट वाकडी करून बहिणीचं घर गाठलं, नाणं उडवलं आणि कपाटात तोंड खुपसलं. तेराव्या दिवशी निकाल. राउटर सात दिवस चालू होता, त्यातले चार दिवस डोकं दुखलं. पाच दिवस बंद होता, त्यातले तीन दिवस दुखलं. चालू काय, बंद काय, डोक्याला पत्ताच नव्हता.

टिल्लूने वही टेबलावर अशी ठेवली की जणू न्यायाधीशाने निकाल वाचावा.

"आता?"

अक्काने दोन्ही याद्या दोनदा तपासल्या, बोट ठेवून, ओळीने. ती हरली की कांगावा करणाऱ्यांतली नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "राउटर नाही."

"नाहीच!"

"मग काय आहे?"

टिल्लू इतका खूश होता की त्याने हा प्रश्न प्रश्न म्हणून ऐकलाच नाही. "काही नाही, अक्का. मनाचं असतं. वय होतं, माणूस एकटा राहतो, मन काहीतरी धरून बसतं. आता सोडून दे."

अक्काने वही मिटली. मग "बरं" म्हणाली, आणि उठून भांडी घासायला गेली. त्यानंतर तिने टिल्लूजवळ डोक्याचं नाव काढलं नाही. टिल्लूला वाटलं, पटलं.

वही मात्र त्याने मागून घेतली. पुढच्या आठवड्यात नियंत्रण कक्षात दुपारच्या पाळीला काम सावकाश चाललं होतं, चुंबक थंड व्हायची वाट बघत सगळे बसले होते, तेव्हा त्याने ती वही बाहेर काढून आपला पराक्रम सांगितला. पत्रक, मान, जाळी, नाणं, सगळं मीठमसाला लावून. लोक पोट धरधरून हसले. पाळीच्या इन्चार्ज बाईही हसल्या आणि वही मागून घेऊन वाचू लागल्या.

या बाईंचा नियंत्रण कक्षात एक दंडक होता. पाळीत जे काही वेगळं दिसेल ते नोंदवहीत जसंच्या तसं लिहायचं आणि कारण सापडेपर्यंत खोडायचं नाही. 'असंच' हा शब्द त्या नोंदवहीत चालत नसे. एकदा रोज सकाळी अकरा वाजता कणांचा झोत केसभर सरकायचा. सगळे म्हणाले, यंत्रच तसं आहे. टिल्लूने मात्र तीन आठवडे चिकाटीने नोंदी काढल्या आणि शोधून काढलं की रस्त्यापलीकडच्या धुलाई कारखान्यातलं सगळ्यात मोठं यंत्र त्या वेळी सुरू होतं आणि जमीन थरथरते. त्यासाठी त्याचं कौतुक झालं होतं, आणि ते तो अजून अधूनमधून काढायचा.

"हे काय?" बाईंनी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ते असंच आहे, मॅडम. तिने आपलं भरलंय."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की खोलीतलं हसणं थांबलं आहे.

"सात दिवस डोकं दुखलं. सातही दिवस कडी. सातही दिवस डावा डोळा जास्त. प्रत्येक वेळी आत निळं, बाहेर लाल," बाई वाचत होत्या. "मनाला एवढी शिस्त असते?"

बाईंनी बोट शेजारच्या रकान्यावर सरकवलं.

"आणि न दुखलेले पाच दिवस. 'इतर'मध्ये बघ. 'शेजारीण बसायला आली, दिवे चालू.' 'लग्नाचा कोट घाईचा, खाली दुकानातच उशीर.' 'दिवे चालू, पडदे धुवायला.' 'दिवे चालू.' पाचव्याला काही लिहिलेलं नाही. पाचातले चार दिवस उजेडात होती ती. टिल्लू, तू राउटर मोजलास. बहीण मोजलीस का?"

खरं तर बाईंना त्याचं हे नाव आजच, त्याच्याच गोष्टीतून कळलं होतं. पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याने वही हातात घेतली आणि तो चौथा रकाना पहिल्यांदा वाचला. बारीक, सरळ अक्षर. एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. त्याच्या पाळीतल्या निम्म्या पदवीधरांना असल्या नोंदी ठेवता येत नव्हत्या. आणि या नोंदींना तो 'प्रयोगात लागत नाही' म्हणाला होता.

सुट्टी टाकून तो तडक अक्काच्या दुकानात गेला. भर दुपार होती. दुकानाचं दार उघडं होतं, आत एक गिऱ्हाईक उभं होतं, आणि अक्का एक राखाडी कोट काउंटरवर पसरून मान खाली घालून उभी होती. कोटाच्या खिशाजवळ बोटभर जागेत रफू दिसत होतं. दिसत होतं! एक धागा एका घरातून चुकला होता आणि पुढचे सगळे त्याच्या मागे गेले होते.

"काही हरकत नाही," गिऱ्हाईक ओशाळून म्हणत होतं. "चालून जाईल हो."

"नाही चालणार," अक्का म्हणाली. "परवा या. परत करते."

गिऱ्हाईक गेलं. अक्काने कोट घडी केला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. टिल्लूने तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"हा आठवड्यातला दुसरा," ती म्हणाली. मग त्याच्याकडे न बघताच, "हेही मनाचं असेल."

टिल्लूला तोंड वर करायची लाज वाटली. "अक्का, चल," तो म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आत्ता."

"दुकान?"

"दुकान गेलं खड्ड्यात!"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी अक्काचं सगळं ऐकून घेतलं, मग एका यंत्रावर तिची हनुवटी टेकवून डोळ्यांत प्रकाशाची बारीक फीत टाकून पाहिलं, मग डोळ्यातला दाब मोजला. डाव्याचा आकडा बघून त्यांनी तो पुन्हा मोजला. मग परिचारिकेला थेंब आणायला सांगितले, आणि ज्या आवाजात सांगितले तो ऐकून टिल्लू उठून अक्काच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"डोळ्यात सतत पाणी तयार होत असतं आणि एका कोपऱ्यातून ते निचरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचा तो कोपरा जन्मतःच अरुंद आहे. अंधारात बाहुली मोठी होते आणि तो बंद पडतो. मग पाणी तुंबतं, दाब वाढतो, डोकं दुखतं, आणि दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात. झोपेत बाहुली लहान होते, कोपरा उघडतो, सकाळी बरं वाटतं. अंधारात बसणं तुमच्यासाठी सगळ्यात वाईट."

"मी मुद्दाम बसायचे," अक्का म्हणाली.

"आज दोन्ही डोळ्यांना लेझरने बारीक भोक पाडू. पाण्याला दुसरी वाट मिळेल. उजवा डोळा चांगला आहे, तो वाचेल. डाव्याचं..." त्या थांबल्या. "डाव्यात नाकाकडच्या बाजूची थोडी नजर गेली आहे. आहे ती टिकवू. गेलेली परत येत नाही."

"रफू जमेल का?" अक्काने विचारलं. बाकी काहीच विचारलं नाही.

"बहुतेक जमेल. सवय करावी लागेल. उजेड भरपूर ठेवा."

अक्काने मान हलवली. टिल्लू तिच्या खुर्चीमागे उभा होता. त्याला स्वतःची इतकी चीड आली होती की दोन्ही हातांचं काय करावं ते कळेना. त्याचं एक वाक्यही चुकीचं नव्हतं. टकरीचा संबंध नव्हता, राउटरचा नव्हता, जाळी थोतांड होती, बाराही दिवसांचा हिशोब बिनचूक होता. आणि हे सगळं बरोबर सांगत असताना बहिणीची नजर त्याच्यासमोर कणाकणाने गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर ओढला. "कडी कधीपासून दिसतात?"

"सात महिने झाले असतील," अक्का म्हणाली.

"सात महिने! आणि कुणाला बोलला नाहीत? घरात कुणी आहे की नाही?"

अक्काने टिल्लूकडे पाहिलं नाही. डोळ्यांत थेंब होते, ते पुसत ती सावकाश म्हणाली, "नाही हो. कुणाला सांगणार? मलाच वाटलं, एवढंसं काय त्यात. कुणाला बोललेच नाही मी."

पेन कागदावर टेकलं.

"मला सांगितलं होतं," टिल्लू म्हणाला.

"तू गप रे," अक्का म्हणाली. "त्याचं काही नका ऐकू, डॉक्टर. तो यंत्रांवर काम करतो, त्याला यातलं काय कळतंय."

"कळलं असतं," टिल्लू म्हणाला. "कुठला डोळा, कुठला रंग, किती वाजता, सगळं लिहून दिलं होतं तिने. मी वाचलं नाही. तुम्ही तसंच लिहा."

अक्काने खुर्चीच्या मागे हात नेला, चाचपडत त्याचा हात शोधला, आणि घट्ट धरला.

"मोठा झालास की रे," ती म्हणाली.